चूक क्रमांक अकरा

रुवीत गुरुवारी रात्री साडेनऊचा खेळ.
बाहेर बेचाळीस अंश, आत बारा माणसं,
आणि मांडीवर माझी वही,
अंधारात लिहून लिहून अक्षराचे कोंबडीचे पाय.

नायिका मरते, पापणी हलते. सहा.
खलनायकाची दाढी मध्यंतरानंतर
डावीकडून सुटलेली. नऊ.
मी खूश. वाईट सिनेमा म्हणजे
समीक्षकाला आयतं वाढलेलं ताट.
‘दिग्दर्शकानं कॅमेरा विकून म्हैस घ्यावी’
हे वाक्य तर घरूनच आणलं होतं.

मग नायक जिनिव्हात गातो,
आणि त्याच्या खांद्यामागून निघते
लाल एसटी. पाटी: संगमेश्वर–फुणगूस.
अकरा! मी फिस्सकन हसलो.

पुढच्या रांगेतला एक जण उठून उभाच राहिला.
(हनीफ नाखवा, क्रेनवाला, चार वर्षं सुट्टी नाही;
हे नंतर कळलं.)
“अरे, आमची गाडी!”
पडद्याला सांगत होता, मला नाही.
गाडी वळून गेली. तो तसाच उभा,
मागून कुणी ‘बैठो भाई’ म्हणेना.

तारा मी एकच दिला. तोही जास्तच.
अकरा नंबर खोडला नाही,
त्याच्यापुढे वेळ तेवढी लिहिली:
एक तास बारा मिनिटं,
कुणाला पुन्हा बघायची असेल तर.