एक उभी रेघ

मंगळवारी सकाळी संगणकाने कळवलं, नवी आवृत्ती आली.
कॉफी उतू गेली तरी मी मेनू धुंडाळत होते.
जिथे ती असायची तिथे आता
सावल्यांचे सतरा प्रकार.

ती म्हणजे एक साधी खिडकी.
मजकुरावर दोनदा टिचकी मारली की उघडायची:
पांढरं पान, काळी अक्षरं, मी म्हणेन तेवढी मोठी.
ना फोटो, ना क्रूस, ना मेणबत्तीची राखाडी ज्योत,
ना ती बोटभर जाड काळी चौकट.
नुसतं वाक्य,
टेबलावर निवडायला पसरलेल्या घेवड्यासारखं.
खडा लगेच दिसायचा.

बावीस वर्षं मी गाब्रोवोतल्या गेलेल्यांची पत्रकं छापते.
दारावर, बसथांब्यावर, लिंडनच्या खोडावर,
चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी, वर्षाने.
आमच्याकडे माणूस मरतो एकदाच,
नाव मात्र पुन्हा पुन्हा चिकटवावं लागतं.
खिडकीत बसून मला
‘प्रेमळ पती, वडील, आजोबा’ यातला स्वल्पविराम
कुणाच्या डोळ्यांत न बघता हलवता यायचा.
आता चौकटीत शिरूनच लिहायचं,
आणि माणूस वरून बघत असतो.
मी म्हणते, जरा तिकडे बघा ना.
बघत नाहीत.

कंपनीचं उत्तर आलं:
ही सोय फार थोडे लोक वापरत होते.
थोडे म्हणजे मी आणि माझा चष्मा.
आमच्या गावाची एक चेष्टा आहे, की इथे थंडीत
मांजरांच्या शेपट्या कापतात,
दार लवकर लागतं, ऊब वाचते.
पाहुण्यांना मीच ती सांगत आले.
यांनी कुणाच्या घरातली ऊब वाचवली
ते कळलं नाही.

शुक्रवारी पेन्को द्रागिएव गेले, सूतगिरणीतले.
ऑर्डर द्यायला भाऊ आला, गेन्को.
पावतीवर याचं नाव, चौकटीत त्याचा चेहरा,
दोघांना नाक एकच.
चाळीस प्रती मी घाईत सोडल्या.

संध्याकाळी गेन्को दारात उभा.
‘त्सोन्का, मी मेलोय.
चौकात दोघांनी माझ्या कॉफीचे पैसे दिले.
इलियाने माझं जुनं कर्ज माफ केलं,
रडत रडत.’
मला खुर्ची सापडेना. म्हटलं, पुन्हा छापते, फुकट.
‘आणि चाळीस कागद?’ तो म्हणाला,
खिशातून मार्कर काढत.

आमच्या लिपीतला ग म्हणजे
एक खांब, त्यावर उजवीकडे आडवं छप्पर.
दुसरा खांब दिला की प.
बस, एवढाच दोन भावांतला फरक.

निघालो. पूल, औषधाचं दुकान, शाळेचं फाटक.
त्याने टॉर्च धरायचा, मी रेघ ओढायची.
पहिल्या काही वाकड्या आल्या.
बारा झाल्या तोवर तो बोलत होता:
पेन्कोने लहानपणी त्याची सायकल नदीत घातली,
पेन्कोला कांदा चालत नसे.
पंचविसाव्याला गप्प झाला.
टॉर्च हलायला लागला, मी मनगट धरलं.

रात्र पुरती पडली होती.
उजेडाच्या त्या थाळीएवढ्या गोलात
मावत होतं फक्त नाव.
पांढरा कागद, काळी अक्षरं, मोठी.
मी चष्मा काढला तरी वाचता येत होतं.

चाळिसावं त्यांच्याच घराच्या दारावर.
मी मार्कर उघडला.
‘हे राहू दे,’ गेन्को म्हणाला,
आणि नखाने चिकटपट्टी सोडवून
कागद चार घड्या करून कोटात घातला.
‘नाव बरोबर आहे. नाकही जुळतं.
तारीख तेवढी तू बदलशील.’