कापणार काय?

अंबडच्या गाळ्यात गायधनींनी पहिला प्रश्न विचारला,
तो किमतीचा नव्हता, वॅटचाही नव्हता.
"ताई, कापणार काय?"

मी तीन महिने तयारी करून गेले होते.
वहीच्या डाव्या पानावर पाच वॅट, दहा, वीस;
उजव्या पानावर ते मोठं, काचेच्या नळीचं, पाण्यावर थंड होणारं,
जे आमच्या सिडकोतल्या दारातून आडवं जात नाही, उभंही नाही.
दार मी मोजलं होतं. दोनदा.
एकोणीस वर्षं क्वालिटीत काढली की सगळंच दोनदा मोजलं जातं.
पण कापणार काय, याचा रकाना वहीत नव्हता.

म्हणून पिशवीच उपडी केली काउंटरवर:
देवळालीच्या सुताराकडून आणलेला प्लायचा तुकडा,
दिगंबरच्या उत्कृष्ट कामगार ट्रॉफीचं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक
(त्याला विचारलेलं नाही),
पितळी पेला,
आणि स्कूटरच्या सीटचं काळं रेक्झिन.

गायधनींनी एकेक वस्तू उजेडात धरली.
"प्लाय कापेल, तीन मिलीचा. आतला गोंद भला असला तर.
यातून हा निळा किरण नुसता आरपार जाईल,
खिडकीतून ऊन जातं तसा, काही न करता. काळं आणा, मग बघू.
पितळ याला हसेल.
आणि हे,"
रेक्झिन त्यांनी दोन बोटांनी परत पिशवीत टाकलं,
"हे कधीच नाही. याच्या धुरानं आधी मशीन गंजतं, मग छाती."

चष्मा वेगळा घ्या म्हणाले;
फुकटचा चष्मा फुकटाइतकाच अडवतो.
मग, "घरी मांजर आहे?"
मी म्हटलं, आहे, एक येऊन-जाऊन असतं.
"मग उघडं मशीन नको. पेटीवालं घ्या.
ते ठिपक्यामागे पळणार, आणि ठिपका थांबत नाही."

वीस वॅटवर माझा जीव होता, खरं सांगते.
पैसेही होते, दिवाळीच्या बोनसचे, अजून न मोडलेले.
पण पेटी आणि वीस वॅट मिळून बोनसच्या पलीकडे जात होतं,
आणि पेटीशिवाय वीस वॅट म्हणजे
गार्डशिवाय ग्राइंडर. तसल्या मशीनला
मीच लाल टॅग लावते, दर महिन्याला.

घरी आल्यावर दिगंबर एवढंच म्हणाला,
"धूर कुठे जाणार?"
वहीत तोही रकाना नव्हता.

धूर जाणार होता जुन्या कूलरच्या खिडकीतून
सरळ वरच्या लोणारीबाईंच्या दोरीवर.
मी वर गेले. चार इंची पाइपचा तुकडा हातात,
समजावून सांगायला.
त्यांनी पाइपातून माझ्याकडे बघितलं.
म्हणाल्या, "शनिवारी जाळ. शनिवारी मी म्हसरूळला असते, लेकीकडे."

तर दहा वॅट, पेटीसकट. शनिवार.

आधी चौकटी जाळल्या, शंभर,
आडव्या ओळीत वेग, उभ्या ओळीत ताकद.
एका कोपऱ्यात नुसता कपड्याला इस्त्री लागल्याचा डाग,
दुसऱ्या कोपऱ्यात कोळसा,
आणि मध्ये कुठेतरी, सातव्या ओळीत, तिसऱ्या घरात,
चहाचा नेमका रंग.

मग एक चौकोन कापला. वीस बाय वीस सांगितला होता.
टाचणीनं ढकलला तर खट् करून खाली पडला.
व्हर्नियर लावला, सवयीनं.
एकोणीस ऐंशी.
शून्य पॉइंट दोन किरणानं खाल्ले होते,
आमच्याकडे पाच शतांशाच्या पुढे सगळं रिजेक्ट.

मी दुसऱ्यांदा मोजला नाही.

दिगंबर दारात उभा राहून बघत होता.
"काय आहे हे?"
"चौकोन."
त्यानं हातात घेतला, कडेचा काळा अंगठ्याला लागला,
वास घेतला.
"ट्रॉफी कुठे गेली माझी?" म्हणाला.

वर दोरीवर एक टॉवेल राहून गेलेला होता.
संध्याकाळी मी तो गुपचूप धुऊन वाळत घातला.
तरी सोमवारी लोणारीबाई जिन्यात म्हणाल्या,
"चुलीवरच्या भाकरीसारखा वास येतोय गं माझ्या टॉवेलला.
काय कापलंस?"