उघडा राहिलेला कंस

बस. पोर्वेनीरची बोट आज सुटत नाही,
वारा असा उठला की बंदर तोंड मिटून घेतं.
कळलं कुठून? माझ्याच पानावरून ना?
करड्यावर काळी अक्षरं, एक तक्ता, चित्र एकही नाही.
सत्तावीस वर्षं झाली, अजून उघडतं.
सान ग्रेगोरियोच्या मेंढपाळाच्या
काच तडकलेल्या फोनवरसुद्धा.

इवो, माझा भाचा, सांतियागोत असतो.
म्हणाला, मावशी, नवं करून देतो.
दिलं. एका बोटीची वेळ दाखवायला
बाराशे पॅकेजं उतरली डिस्कवर,
वऱ्हाड हजाराचं आणि नवरदेव बेपत्ता.
पडद्यावर एक चाक फिरत राहिलं.
बोट गेली, तरी फिरतच होतं.

माझी मतं फार नाहीत. आहेत ती फुकट आहेत.
कुकीची परवानगी मागणारी चौकट
ज्याने शोधली, त्याला रोज पहाटे
स्टोव्हने विचारावं: पेटू का? सर्व अटी मान्य?
आणि मंगळावर वस्ती करणाऱ्यांनी
आधी पुंता अरेनासमध्ये एक जुलै काढावा,
माझ्या गळक्या छताखाली. मग बोलू.

चौकातले दोर पाहिलेस?
खांबापासून खांबापर्यंत बांधलेले.
वारा सुटला की कोणीही धरतं,
बँकेचा मॅनेजर, शाळेतली पोर, कालचा दारुडा.
दोर विचारत नाही बूट कुठल्या कंपनीचे.
मानक म्हणजे मला एवढंच कळतं.
समितीत चौदा वर्षं भांडा हवं तर,
शेवटी ते मुठीत आलं पाहिजे.
मग कोणी बडा येतो, म्हणतो, आमचा दोर रेशमी.
असेल. पण तो त्याच्याच दुकानाच्या दारात संपतो.

ब्राउझरचं एक आवडतं मला.
तू कंस उघडलास, मिटायला विसरलास,
वाक्य अर्ध्यात टाकून उठून गेलास,
तो कुरकुरत नाही. अंदाज बांधतो, पुढे जातो,
जसं शेजारच्या फ्लोरीचं दात नसलेलं बोलणं
मला सगळं समजतं.
आणि हा निव्वळ चांगुलपणा नाही बरं,
चुकलेलं कसं वाचायचं याचे नियम आहेत,
पानंच्या पानं, कोणीतरी बसून लिहिलेले.
माणसांसाठी कोणी लिहिले नाहीत.

वर मात्र माफी नाही.

इथल्या पोरांनी एक उपग्रह सोडला होता,
बुटाच्या खोक्याएवढा. नाव काइकेन,
इथल्या रानहंसाचं.
नऊ दिवस बोलला.
दहाव्या दिवशी वळायचं होतं सूर्याकडे,
वळला उलटा. एका ओळीत
अधिकच्या जागी उणे.
पोरं रडली. बातमीत आलं, तांत्रिक अडचण.

ती ओळ तपासायला माझ्याकडे आली होती.
मी वाचली होती. दोनदा.
दुसऱ्यांदा चष्मा पुसून.

हं. माते घे, गार होतंय.

चार वर्षं गप्प होता.
मग गेल्या मार्चमध्ये, गडगडत कुठेतरी कलला असेल,
पत्र्यांवर ऊन पडलं, आणि जागा झाला.
बॅटरी मेलेली. ऊन आहे तोवर बोलतो,
सावलीत शिरला की शब्दाच्या मध्येच तुटतो.
संदेशाची सुरुवातीची खूण येते,
शेवटची कधीच नाही.
माझ्या वहीत त्याचे दोनशे सहा कंस आहेत,
सगळे उघडे.
इवो म्हणतो, कचरा आहे, मावशी, फेकून दे.
मी अंदाज बांधते, पुढे जाते.

पाच चाळीसला येईल.
छतावर मोजपट्टीच्या पात्यांचा अँटेना आहे,
वाऱ्याने नेला नसेल तर.
हा हेडफोन घे, डावा कान चालतो.
ते शूं शूं नव्हे, ती पत्र्याची फट.
त्याच्या खाली,
अजून खाली