शून्य युनिट

जूनमध्ये बदली झाली. भंडाऱ्याहून थेट इथं,
विट्याच्या पुढं, माळावरच्या गावात.
पहिलं रीडिंग घेतलं:
चाळीस मीटर, चाळीस कुलपं,
शून्य, शून्य, शून्य.
मला वाटलं, गावाला काहीतरी झालंय.
टपरीवर सर्जेराव हसले,
'सोनं गाळायला गेल्यात समदी.
कोईमतूर, कटक, कोचीन.
दिवाळीला बघा.'

वसुबारसेला बघितलं.
रातोरात परमुलखी नंबरांच्या गाड्या,
कुरकुरणारी दारं, उन्हात पडलेल्या गाद्या,
आणि माझा ट्रान्सफॉर्मर, शंभराचा बिचारा,
तापून गुणगुणायला लागला.
पोरं तमिळमध्ये खेळत होती
आणि मराठीत शिव्या देत होती.
एका ओट्यावर नातू म्हणाला, तण्णी.
आजीनं न विचारता तांब्या पुढं केला.

चतुर्दशीला पहाटे चारला
अख्ख्या गावानं एकदम हीटर लावले.
फ्यूज गेला.
मी पारोसा, स्वेटरात, खांबावर.
वरून पाहिलं, दारोदारी पणत्या.
त्यांना माझी काही गरज नव्हती.
खाली उतरलो तर पवारांच्या सुनेनं
ग्रीस लागलेल्या तळहातावर उटणं ठेवलं.
'भाऊ, एवढं तरी लावा.'
बीज अजून तीन दिवसांवर होती.

आमच्याकडे गोधन असतं,
शेणाच्या ढिगावरून गाय चालवतात,
मग मंडई, रात्रभर दंडार.
इथं पाडव्याला दारात शेणाचे पांडव,
उताणे, डोक्यात झेंडू.
आईला फोनवर सांगितलं.
ती म्हणाली, शेण आहे ना? मग झालं.

शाळेच्या भिंतीला पोरांनी किल्ला केला होता,
उतारावर अळीव पेरलेले.
निघताना शीलवंत (तिकडचा सेल्वा)
गाडीच्या काचेतून ओरडला,
'वायरमनकाका, गवताला पाणी घाला!
मावळे पडू देऊ नका!'

चार दिवसांत कुलपं.
ट्रान्सफॉर्मर गार. हात लावून पाहिला, उगाच.
पाणी मी घालत होतो, खोटं नाही,
पण एका दुपारी शेळ्या आल्या
आणि बुरूज चाटूनपुसून गेल्या,
एक मावळासुद्धा चघळून टाकला.

कोईमतूरहून फोन आला.
मी म्हटलं, वीतभर झालंय.
'फोटो पाठवा.'

संध्याकाळी दुकानात अळीव मागितले.
पुडी बांधता बांधता दुकानदारानं विचारलं,
'वायरमन, घरात बाळंतीण हाय काय?'
मी म्हटलं, हो.