कडेचा तुकडा

सुगंधा मगदूम, बोरगाव, वय एकेचाळीस.
मानेवर गंडमाळ, फुटून चार महिने.
पदर तिथं इतका सवयीनं बसलेला
की डॉक्टरांनी 'काढा' म्हटल्यावर
तिनं आधी चष्मा काढला.

दुखतं का? विचारलं.
"नोवु इल्लरी," म्हणाली, मग माझं तोंड बघून,
"दुखत न्हाई ओ. दुखलं असतं तर आधी आले नसते का?"

संमतीपत्र कानडीत. मी मराठीत वाचून दाखवलं,
'जनुकांची अभिव्यक्ती'पाशी अडले.
म्हटलं, बाई, प्रत्येक पेशीत तीच पोथी असते,
डोळ्यात तीच, टाचेत तीच;
कुठलं पान मोठ्यानं वाचलं जातंय
तेवढं ऐकायचंय आम्हाला.
"ऐका की," म्हणाली, आणि सही केली,
ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून, आडनावाखाली रेघ ओढून.

चार मिलिमीटर. व्रणाच्या कडेचा तुकडा,
जिथं निळसर कातडी आतून पोखरलेली
आणि पलीकडे एक केस अजून ताठ उभा.
नळीवर आकडा सतरा. नळी बर्फात. धावत जिना.
हे बोलणं फार नाशवंत:
माझ्याच बोटांच्या घामात त्याचा मारेकरी,
म्हणून हातमोजे दोन-दोन,
आणि बेळगावची वीज गेली की
उणे ऐंशीच्या कपाटाला पाठ लावून उभी राहायचे,
जणू माझ्या पाठीचा काही उपयोग होता.

तीन आठवड्यांनी पडद्यावर लाल-निळे चौकोन.
लाल म्हणजे ओरडणारी. सतराची रांग जवळजवळ सगळी लाल.
जंतू मात्र शोधून सापडले दोन.
दोन चोर, आणि अख्खं गाव
काठ्या घेऊन आपल्याच भिंती पाडत सुटलेलं.
कातडी विणणारी जनुकं तेवढी निळी,
कोपऱ्यात, दार लावून.

सहा महिने गोळ्या. मग ती आली वांग्यांची पिशवी घेऊन,
मानेवर सुरकुतलेला पांढरा डाग, पदर खांद्यावर.
"काय म्हणालं माझं कातडं?"
मी चौकोनांचं सांगितलं, चोरांचं सांगितलं. हसली.
मग मी दुसऱ्या तुकड्याचं विचारलं:
बरी झालेली कातडी काय बोलते, तुलनेसाठी.

तिनं डागावर हात ठेवला,
झोपलेल्या पोराच्या कानावर ठेवतात तसा.
"आत्ता कुठं गप बसलंय ओ. बोलतं नका करू."

तक्त्यात तिच्यापुढचा रकाना रिकामा आहे.
मार्गदर्शक विचारतात, नमुना का नाही?
मी लिहिलंय: रुग्णाचा नकार.
वांगी चांगली होती. बी कमी.