इसार

दरवर्षी वसंतात आठ दिवस
आमच्या गल्लीतला सगळ्यात श्रीमंत माणूस मी असायचो.

कुटाइसी. सिनेगॉगसमोर माझं कुलपांचं दुकान.
मी ओतार, किल्ल्या घासणारा,
मेरीच्या चित्रापुढे मेणबत्ती लावणारा,
तीही बायकोनं आठवण केली तर.

वल्हांडणाच्या आदल्या सकाळी हाखाम शबाता यायचे,
बगलेत एक कागद, हातात किल्ल्यांचा जुडगा,
आणि त्रेचाळीस घरांचं खमीर मला विकायचे.
पीठ, पाव, बिस्किटांचे अर्धे पुडे,
गव्हाच्या दारूच्या बाटल्या,
फुगतं ते सगळं, फुगू शकेल तेही.

पहिल्या वर्षी मी हसलो. म्हटलं,
देवाच्या डोळ्यांत धूळ फेकताय होय?
ते हसले नाहीत.
"धूळच फेकायची, तर साक्षीला तू कशाला?
वाटलं तर आत्ता जा. कपाट उघड. खा.
चोर म्हणणार नाही कुणी तुला."
इसार दहा ठरला. बाकीची रक्कम सण सरल्यावर.
दिली तर माल माझा, नाही तर इसार परत, माल परत.
रूबल गेले, कुपनं आली, कुपनं गेली, लारी आले.
इसार दहाच राहिला.

त्या पहिल्या रात्री दारांना कुलूप लावत नाहीत ते लोक.
(माझ्या धंद्याच्या मुळावरच येणारा सण.)
एखादं पोर खांद्यावर गाठोडं घेऊन दार ठोठावतं.
कुठून आलास? मिसरातून.
कुठे निघालास? यरुशलेमला.
आतले हसतात, पोराला जेवायला बसवतात.
मी समोर पायरीवर बसून ऐकायचो.
दरवर्षी तोच प्रश्न, दरवर्षी तेच उत्तर.
मग एकेक घर खरंच निघालं.

त्रेचाळीसची एकोणीस झाली. मग सहा.
शुक्रवारी दिवेलागणीला
मेणबत्त्यांपुढे डोळ्यांवर हात धरणाऱ्या बायका
मला दुकानातून मोजता यायला लागल्या.
शरदात शिंग फुंकलं जायचं, पण दम पुरायचा नाही, आवाज मध्येच तुटायचा.
उपासाच्या दिवशी म्हातारे पांढऱ्या कपड्यांत जाता जाता सांगायचे,
दुकान उघडं ठेव, ओतार,
पण कॉफी तेवढी दाराशी उकळू नकोस.
बोरूंचा मांडव एकाच अंगणात उरला,
छतातून चांदणी दिसायला हवी म्हणून
मुद्दाम विरळ शाकारलेला.

शेवटी हाखामही अशदोदला गेले.
त्या वर्षी कागद घेऊन त्सिपोरा आली, एकटी.
"मीच लिहिलाय. चुका असतील."
आदल्या रात्री मेणबत्ती आणि पीस घेऊन
तिनं कानाकोपरा झाडला होता,
बोटाला मेण चिकटलेलं अजून.
एक कपाट. एक किल्ली. दहा लारी.

चौथ्या दिवशी ती न्हाणीघरात पडली.
सहाव्या दिवशी मुलगा आला, विमानानं घेऊन गेला.
आठवा दिवस सरला. हिशोबाला कुणी आलं नाही.

जूनमध्ये मी फोन लावला.
म्हटलं, किल्ली माझ्याकडे आहे, काय करू?
"कपाट उघडलंस?"
नाही.
"का रे?"
तुमचंच आहे ना ते.
पलीकडे बराच वेळ काही नाही,
मग तिचा तोच जुना, खाष्ट आवाज,
"इतकी वर्षं तू इसार देत होतास
आणि तुला वाटत होतं,
हे सगळं आमचंच आहे?"

काल बाकीचे पैसे पाठवले. सत्तावीस लारी.
बँकेतल्या पोरीनं विचारलं, कशाबद्दल?
पीठ, म्हणालो.

आज कुलूप काढलं.
दोरीनं बांधलेलं अर्धं पोतं, अळ्या झालेलं.
बिस्किटांचा पुडा, मुडपून चिमटा लावलेला.
बाटली मात्र शाबूत. तळाशी चार बोटं.

एक पेला घेतला.
मग उठून रस्त्याकडचं दार उघडं केलं,
आणि परत येऊन बसलो.