दुसऱ्या कडव्यानंतर

बर्नलीत नोव्हेंबरात चारलाच अंधारून येतं.
मी दिवा लावत नाही. बोटांना ठाऊक आहे
कुठल्या खोक्यात कोण झोपलंय.
सात इंचांची माणसं ही,
पाकिटातून हलक्या हातानं उठवायची,
कडेला धरून, पोटाला बोट न लावता.

ग्लेनिस म्हणायची, मला कधी असं धरलं नाहीस.
खरंच होतं ते.

वर्लीन टगल मला सापडली स्टोकमध्ये,
एका जुन्या गाद्यांच्या दुकानात, बहात्तर साली,
पंचवीस पेन्सला. भोकाशी चहाचा डाग,
करड्या लेबलावर बेढब हरीण,
गाव सॅगिनॉ, मिशिगन. साल नाही.

शनिवारी क्लबात वाजवण्याआधी
मी तिच्या नावावर पांढरा कागद चिकटवला
आणि वर एक खोटं नाव लिहिलं.
आम्ही सगळेच तसं करायचो.
आपल्या विहिरीत दुसऱ्यानं पोहरा टाकू नये म्हणून.
पावडर भुरभुरलेल्या लाकडी जमिनीवर
गिरणीतली पोरं पहाटेपर्यंत गिरक्या घेत राहिली,
आणि अकरा वर्षं त्यांना कळलं नाही
आपण कुणाच्या आवाजावर नाचतोय.
हे माझ्या नावावर मांडून ठेवा.

गाण्यात एक जागा आहे.
दुसऱ्या कडव्यानंतर, एक मिनिट बावन्न सेकंदांवर,
मागच्या दोन आवाजांतला एक गळतो.
पुन्हा येत नाही.
उरलेला बिचारा एकटाच ओढत नेतो ध्रुवपद,
वर्लीन क्षणभर दचकते,
मग वरचा सूर असा काही उचलते
की अंगावर काटा.

त्या गळण्यावर मी चौदा पानं लिहिली.
'विरहाची रचना' असं शीर्षक दिलं, देवा.
लीड्सच्या एकानं उलट लिहिलं, टेप खराब होती.
आम्ही सहा वर्षं बोललो नाही.

शोध म्हणजे काय, तर
जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या, चर्चची पत्रकं,
घड्या पडलेल्या अंत्यविधीच्या पुस्तिका,
आणि शेवटच्या खाचेपाशी, जिथं गाणं संपून
सुई नुसतीच फिरते, तिथं
कुणीतरी खिळ्यानं कोरलेली दोन अक्षरं : ओ. टी.
सापडतील तेवढ्या टगल बायकांना फोन केले.
दोघींनी वसुलीवाला समजून शिव्या घातल्या.
एकीनं तासभर गुडघ्यांबद्दल सांगितलं.

मग गेल्या मंगळवारी एक आवाज म्हणाला,
"टगल नाही, टगल्स. शेवटी स आहे.
छापणाऱ्यानं खाल्ला."

सुंभ जळलेला, पीळ तसाच.

एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवली म्हणाली.
तबकड्या? पाचशे काढल्या होत्या.
उरल्या त्या पोरांनी तळ्यावर नेल्या,
पाण्यावर भाकऱ्या खेळली.

मी विचारलं, घसा कोरडा,
दुसऱ्या कडव्यानंतर ते जे होतं...

"ते होय? ओझेला. माझी थोरली बहीण.
अकराची पाळी होती तिची, फाउंड्रीत.
रेकॉर्डिंग लांबलं, खिडकीतून बस दिसली, निघाली.
दाराचा आवाजसुद्धा आहे, नीट ऐक.
पुन्हा गायचे पैसे कुणाकडं होते?"

मग म्हणाली, लाव ना.
मी फोन स्पीकरला टेकवला.
कानात प्राण आणून दोघंही गप्प,
मधे अख्खा समुद्र.
एक बावन्नला ती हळूच म्हणाली,
"हं. गेली बघ."

आणि मला दार ऐकू आलं.
पन्नास वर्षं ज्याला मी
ढोलाचा चुकलेला ठोका समजत होतो.

लेबलावर लिहिलं की किंमत निम्मी होते.
हे मीच पोरांना शिकवत आलो.
दिवा लावला, पेन शोधलं,
आणि नावाच्या शेवटी, हरणाच्या शिंगाला लागून,
एक स काढला. थोडा वाकडा.